बेन्झिडामिनचा माउथवॉश, लाईट चालू असताना वापरलेला

सासूबाईंना गालाचा कॅन्सर, ऑपरेशन झाल्यावर लाईट घ्यावी लागली म्हणजे रेडिएशन. डॉक्टरांनी सुरुवातीलाच ०.१५ टक्के बेन्झिडामिनचा माउथवॉश लिहून दिलेला. पाचपैकी चार स्टार.

दुकानात पुढे मांडलेल्या झणझणीत पुदिन्याच्या बाटल्या वेगळ्या, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत अल्कोहोल असतं आणि तोंड आलेल्या माणसाला ते नकोच, लेबल वाचून घ्या. हा पण पहिले काही सेकंद चुरचुरतो, आईंनी तर पहिल्याच गुळणीला बाटली बाजूला सारली, मग नर्स म्हणाली तेवढंच कोमट पाणी घाला, तेव्हा कुठे जमलं. १५ मिली घ्यायचं, अर्धा मिनिट घोळवून थुंकायचं, गिळायचं नाही. तोंड बधिर होतं आणि तेवढ्यात पेज, गुरगुट्या भात, गार दूध असं काहीतरी पोटात जातं. फक्त बधिर तोंडाला चटका कळत नाही, पेज गार करूनच द्या.

तोंड यायचं ते आलंच, दोन-तीन आठवड्यांत फोड, लाळ चिकट, चव गायब. पण हा नसता तर नळीच घालावी लागली असती असं मला वाटतं.

एक स्टार कापला तो खर्चाचा. दिवसातून चारदा म्हटलं तरी ६० मिली, १२० मिलीची बाटली दोन दिवसांत खल्लास. म्हणून हा जेवणाआधी, आणि मधल्या वेळात पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा नि चिमूटभर मीठ घालून गुळण्या. सोड्याने ती चिकट लाळ सुटते, त्यात हा माउथवॉश काही सोड्याच्या पुढे नाही.

दात मात्र ब्रशनेच घासायचे, एकदम मऊ ब्रश, तोही कोमट पाण्यात बुडवून. आईंची लग्नाआधीपासूनची मशेरी या निमित्ताने सुटली, घरात कोणी बोलून सुटली नव्हती! जिभेवर पांढरे चट्टे दिसले तर ते फंगल असू शकतं, तिथे ही बाटली कामाची नाही, डॉक्टरांना दाखवा.

आणि लाईट सुरू व्हायच्या आधी डेंटिस्टकडे जाऊन या. आईंच्या हलणाऱ्या दाढा आधीच काढल्या, कारण नंतर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. आता लाईट संपली तरी एखादा दात काढायचा झाला तर आधी रेडिएशनवाल्या डॉक्टरांना विचारायचं, असं फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.