तामियाचा वेदरिंग मास्टर सेट बी: अकरा वॅगन आणि एक इंजिन झाल्यावर

मॉडेलला वापरलेलं, मळकं रूप द्यायचा हा सेट घेऊन दीड वर्ष झालं, एवढ्यात एचओच्या, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेच्या, अकरा वॅगन आणि एक डब्ल्यूएजी-५ हे मालगाडीचं विजेचं इंजिन त्याने मळवून झालंय, आणि आज डबी उघडून बघितली तर सूटच्या वडीला मधोमध खड्डा पडून तळ दिसायला लागलाय, स्नो पाव वापरलीय आणि रस्टची वडी जवळजवळ जशीच्या तशी. मी सेट घेतला होता तो गंज लावायला. आणि गंजाचीच वडी उरलीय. ती का उरली तेच नीट सांगतो कारण घेणाऱ्याला तेवढंच कळलं तरी पैसे योग्य जागी जातील.

आधी वस्तू काय आहे ते. मेकअपची कॉम्पॅक्ट असते ना, तशी छोटी प्लॅस्टिकची डबी, आत तीन वड्या: स्नो, सूट, रस्ट, म्हणजे बर्फ, काजळी आणि गंज. सोबत एक काडी, एका टोकाला स्पंज आणि दुसऱ्या टोकाला बारीक ब्रश. हे कोरड्या पिग्मेंटसारखं भुरभुरत नाही, जरासं ओलसर, आयशॅडोसारखं चिकटून बसतं, त्यामुळे पंखा चालू असला तरी टेबलभर उडत नाही. तामियाचे असे बरेच सेट आहेत, ए मध्ये वाळू आणि चिखलाचे रंग, सी मध्ये ऑरेंज रस्ट, गन मेटल, सिल्व्हर. रेल्वेवाल्याने पहिला घ्यावा तो बी, असं सगळीकडे वाचलं होतं आणि ते बरोबरच आहे, फक्त कारण वेगळं निघालं.

मी भुसावळचा. वडील टीएक्सआरमध्ये फिटर होते, म्हणजे यार्डात रेक (जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी) आली की डब्याडब्याखाली वाकून ब्रेक ब्लॉक, स्प्रिंगा, कपलर तपासायचे. त्यामुळे माझ्या डोक्यात मालगाडी म्हणजे कोळशाची बॉक्स-एन रेक, वरून उघड्या डब्यांची, एकलहऱ्याच्या नाहीतर दीपनगरच्या वीजकेंद्राला जाणारी, आणि मॉडेलही तीच करायची होती. एक डबा कपलरसकट १०.७ मीटर, १:८७ ला साधारण १२.३ सेंटीमीटर. अख्खी ५८ डब्यांची रेक करायची तर सात मीटरच्या वर जाते, तेवढी सलग भिंत पुण्याच्या फ्लॅटमध्ये नाही म्हणून अकरावर थांबलोय.

बॉडी थ्रीडी प्रिंट रेझिनच्या मागवल्या. थर दिसत होते, ते ४०० आणि मग ६०० नंबरच्या वॉटरपेपरने पाण्याखाली घासून काढले, साबणाच्या पाण्याने धुऊन रात्रभर वाळवलं. प्रायमरसाठी मात्र बाहेरून काही मागवू नका, नाना पेठेत गाड्यांच्या रंगाच्या दुकानात रेड ऑक्साइड प्रायमरचा स्प्रे मिळतो, तोच मारा, कारण बॉक्स-एनचा रंग मुळात त्याच कुळातला आहे आणि पुढे कुठे रंग खरवडला गेला तरी खालून जो दिसतो तो शोभतो. त्यावर एअरब्रशने पातळ अॅक्रिलिकचे तीन हात, पांढरी अक्षरं आणि नंबर, मग मॅट वार्निश. मॅट म्हणजे मॅटच, सॅटिन पण नको. हे पहिल्या डब्यावर चुकलं माझं, सॅटिनवर ही पावडर बसतच नाही, बोट फिरवलं की निघून येते, आणि मला वाटलं सेटच खराब आलाय. मॅट मारून परत लावली तर पहिल्याच हाताला धरली.

आता गंजाचं. रस्टची वडी स्पंजवर घेऊन डब्याच्या बाजूला चोळली की काय होतं, सगळीकडे एकसारखी नारिंगी-तपकिरी भुकटी पसरते, फोटोत लांबून बरी दिसते पण जवळून बघितलं की कुणीतरी गेरू फासलाय असं वाटतं. खरा गंज असा येत नाही. बॉक्स-एन बघा कधी फाटकात उभं राहून, बाहेरून जेवढी गंजलेली असते त्याच्या कितीतरी पट आतून, कारण आत कोळशाचे दगड आपटतात, खाली करताना घासतात, रंग पार उडतो आणि पत्रा उघडा पडतो. बाहेर गंज असतो तो उभ्या पट्ट्यांच्या मुळाशी, दरवाज्यांच्या खालच्या कडेला जिथे पाणी साचून झिरपतं, आणि आतून दगड लागून पत्र्याला जे पोक आलेले असतात त्यांच्या टोकावर. म्हणजे जागा ठरलेल्या आहेत. ह्याला थर लागतात, पावडर पुरत नाही.

मी करतो ते असं: डब्याच्या आतल्या बाजूला आधी गडद तपकिरी, त्यावर स्पंजच्या तुकड्याने दोन-तीन वेगळे गंजाचे रंग टिपून टिपून, मग हेअरस्प्रेचा एक हात, आणि त्यावर डब्याचा रंग. तो वाळला की दोन-तीन तासांच्या आतच पाण्याने ब्रश ओला करून हलक्या हाताने घासायचं, हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग टवके निघावेत तसा निघतो, खाली गंज दिसतो. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर रंग पक्का होतो आणि मग निघतो तो नको तिथून. बाहेरच्या ओघळांना कॅमलचे ऑइल कलर, बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना, टिंब टिंब ठेवायचे आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवून टिपलेल्या चपट्या ब्रशने वरून खाली ओढायचे. नेहमी वरून खाली, पाणी तसंच जातं. एवढं सगळं झाल्यावर रस्टची वडी लागते ती अगदी शेवटी, ओघळाची कडा जिथे फार कडक दिसते तिथे एक पुसट हात, बस. म्हणून ती उरते.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, बॉक्स-एनएचएल करत असाल तर तिच्या बाजूंवर असे गंजाचे पट्टे ओढू नका, तिची बॉडी स्टेनलेसची आहे. तिथे कोळशाची धूळ, पाण्याचे मळकट डाग, आणि बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, तपकिरी, एवढंच. खूप चांगल्या चांगल्या हातांची मॉडेल ह्याच एका गोष्टीवर फसलेली बघितलीयत.

आता सूट. ह्या एका वडीसाठी मी हा सेट पुन्हा घेईन, आणि घेतोच आहे. कोळशाच्या डब्याची वरची कड, कोपरे, आडव्या पट्ट्यांच्या वरच्या बाजूला साठलेली भुकटी, हे कुठल्याही वॉशने, म्हणजे पाण्यासारख्या पातळ रंगाने, असं येत नाही. वॉश खाचेत उतरतो, काजळी वर बसते, हा फरक आहे. काडीवरचा ब्रश मला फार बारीक वाटला, मी एक जुना चपटा ब्रश अर्धा इंच कापून ताठ केला आणि त्याने टोचल्यासारखं टिपतो, पुसत नाही. पुसलं की चमक येते, टिपलं की मखमलीसारखं कोरडं राहतं. बोग्यांसाठी सूट आणि रस्ट मिसळून, कारण ब्रेक ब्लॉकची धूळ चाकाच्या आजूबाजूला तपकिरी बसते, कोळशासारखी काळी नाही. घाटात चालणाऱ्या गाडीला ती जास्त द्या. कर्जत ते लोणावळा १:३७ चा चढ आहे, उतरताना ब्रेक किती वेळ धरलेले असतात विचार करा.

स्नोचं आपल्याकडे काय करायचं हा प्रश्न मलाही पडला होता. मग अकरांतली एक बीसीएन केली, सिमेंटच्या गोण्या वाहणारी बंद वॅगन, आणि तिच्या दरवाज्यांभोवती जे पांढुरकं राखाडी सांडलेलं असतं त्याला ही वडी चपखल बसली. स्नोमध्ये किंचितच सूट, अगदी स्पंजच्या कोपऱ्यावर लागेल एवढी, मिसळून दरवाज्याच्या खालच्या चौकटीवर आणि पायऱ्यांवर. पाऊस लागून सिमेंट घट्ट झाल्याचं दाखवायचं असेल तर तिथेच पाण्याचा एक थेंब सोडून वाळू द्यायचा, कडेने पांढरी रेघ उमटते.

डब्ल्यूएजी-५ ची बॉडी मी एका जुन्या अमेरिकन सहा धुऱ्यांच्या चेसिसवर बसवलीय. इंजिनाला हात आखडता घ्या. शेडमध्ये बाजू धुतल्या जातात, छप्पर तसं धुतलं जात नाही, म्हणून छपरावर पँटोग्राफच्या खाली आणि आजूबाजूला सूट आणि थोडं रस्ट असं गडद तपकिरी भरपूर, इन्सुलेटर त्यातल्या त्यात स्वच्छ, बाजूंवर नुसता पडदा, आणि बोग्यांना पोटभर. बफरच्या चकतीवर पावडर लावू नका, तिथे ग्रीस असतं आणि ग्रीस चमकतं, काळ्या ऑइल कलरचा ठिपका आणि वर ग्लॉस. चेसिसला लावताना चाकांच्या कडा आणि करंट घेणारी पत्री सांभाळा, तिथे पावडर गेली की इंजिन अडखळतं, मी मास्किंग टेप लावूनच करतो आणि नंतर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) चाकं पुसून घेतो.

सगळ्यात मोठा प्रश्न टिकण्याचा. ही पावडर हाताने निघते, ती वस्तूच तशी आहे. शेल्फवर ठेवायचं मॉडेल असेल तर सोडून द्या, पण रोज रुळावर उचलून ठेवायची वॅगन असेल तर वरून मॅट वार्निश मारावंच लागतं आणि मारलं की निम्मी पावडर गायब झाल्यासारखी दिसते, पहिल्यांदा जीव खाली जातो. उपाय एकच, मुद्दाम जास्त लावायची, लांबून अगदी हलकं धुकं मारायचं, वाळू द्यायचं, परत लावायची. दोन फेऱ्यांत बसते. बोग्यांना आणि छपराला मी वार्निश मारतच नाही, तिथे हात लावायचा नाही अशी शिस्त घरात सगळ्यांना लावलीय.

आणि पावसाळ्यात स्प्रे वार्निश मारू नका, खरंच मारू नका. जुलैत दोन डबे एका संध्याकाळी मारले, हवा इतकी दमट होती की दहा मिनिटांत दोन्हींवर दुधासारखी साय आली, तीन आठवड्यांचं काम. पुढे उघडीप पडल्यावर भर दुपारी त्यांच्यावरच पुन्हा एक हलका हात मारला तर एकाची साय पूर्ण गेली, दुसऱ्याची कोपऱ्यात राहिली, तो डबा आता रेकच्या मधोमध चालतो. तेव्हापासून कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं धरतो आणि जून ते सप्टेंबर फक्त ब्रशने लावायचं पाण्यातलं मॅट वार्निश.

पैशाचं बोलायचं तर मला हजाराच्या आत पडला, दुकानागणिक फरक पडतो. ह्याच्या बदल्यात सॉफ्ट पेस्टलची काळी कांडी ब्लेडने खरवडून वापरता येते, सुरुवातीला मी तेच करायचो आणि बोगी-अंडरफ्रेमला ते आजही चालतं, फक्त उभ्या पत्र्यावर ती भुकटी धरत नाही, घसरून खाली येते. उभ्या बाजूंसाठी तामियाचे पैसे वसूल आहेत. ज्याला फक्त गंजच करायचाय त्याने हा सेट न घेता तेवढ्यात दोन ऑइल कलरच्या ट्यूब आणि एक चांगला चपटा ब्रश घ्यावा. ज्याच्याकडे टँकर आहेत त्याने डी सेट बघावा, त्यात ऑइल स्टेन येतो, पानेवाडीच्या तेल डेपोतून भरून निघणाऱ्या बीटीपीएन टँकरला तोंडापासून खाली जे काळे ओघळ असतात त्यासाठी. माझा पुढचा तोच आहे.

दिवाळीत वडील आले होते, त्यांनी एक डबा उचलून खिडकीशी नेला, चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "अरे, सगळं आहे पण हा कुणी तपासलाच नाही वाटतं." मला आधी कळेना. मग त्यांनीच सांगितलं, तपासलेल्या डब्यावर करतात त्या खडूच्या खुणा नाहीत. मी म्हटलं, "पप्पा, तुम्हीच काढा मग." पांढऱ्या रंगीत पेन्सिलला बारीक टोक करून दिली आणि अकराही डब्यांवर, दरवाज्याजवळ जिथे माणूस उभा राहिला की हात सहज पोचतो त्याच उंचीला, त्यांनी बसून खुणा केल्या, आणि एका डब्याला आजारी ठरवून बाजूला काढायची खूण केली, कारण त्याची एक बोगी मी तिरकी चिकटवली होती.