एकच घ्यायची तर धोप, आणि तीही मूठ बघून

दिवाणखान्यात ढालीमागे दोन तलवारी फुलीसारख्या लावायच्या असतील तर पुढचं वाचायची गरज नाही. स्टेनलेसची कुठलीही चकचकीत जोडी ते काम करते. पण आयुष्यात एकच तलवार घ्यायची आहे, ती हातात धरता आली पाहिजे, जाणत्या माणसापुढे म्यानातून काढताना ओशाळं व्हायला नको आणि पाच वर्षांनी मूठ एका हातात, पातं दुसऱ्या हातात अशी गत व्हायला नको, तर निवड जरा नेटाने करावी लागते. मराठा पद्धतीच्या ज्या नव्या तलवारी बाजारात मिळतात, त्यांत आमचं मत धोपेला, म्हणजे लांब, सरळ पात्याच्या तलवारीला. साधी, कार्बन स्टीलची, धार न लावलेली, नक्षीशिवायची धोप.

बाकीच्यांना का डावललं ते आधी सांगतो.

बहुतेकांचा हात पहिल्यांदा जातो बाकदार तलवारीकडे. पातं ७५ ते ८० सेंटिमीटर, वजन किलोच्या आगेमागे, दिसायला देखणी. मात्र तिचा स्वभाव तिच्या वाटीत आहे. मुठीच्या टोकाला ताटलीसारखी जी वाटी असते, ती मनगटाला आतून टेकते आणि हात पुढे सरळ लांबवू देत नाही. ही चूक नव्हे, रचनाच तशी आहे. वाटीमुळे वार कोपर आणि खांद्यातून ओढून करावा लागतो, आणि बाकाचा फायदा अशा ओढून कापण्यातच मिळतो. हे ठाऊक नसलेला माणूस ती मनगटातून गरगर फिरवायला जातो आणि थोड्याच वेळात मनगटावर लाल वळ घेऊन बसतो. नव्या नकलांमध्ये आणखी एक भानगड असते. पातं घडवलेलं नसून पत्र्यातून कापलेलं असतं, त्यामुळे बाक हवा तितका देता येतो आणि गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून तो जास्तच दिलेला असतो. अशी तलवार म्यानात जाताना अडकते. म्यान सैल केलं की आत खुळखुळते.

खंडा भारदस्त खरा. रुंद पातं, शेंड्याकडे आणखी रुंद, पाठीला जवळपास पूर्ण लांबीची मजबुतीची पट्टी. जुन्या खंड्याचं पातं बऱ्यापैकी पातळ असायचं, कारण ताकद त्या पट्टीतून यायची. नव्या मालात पट्टी नुसती शोभेची असते आणि पातं जाड पत्र्याचं, म्हणून वजन दोन किलोंवर जातं. तो खंडा राहत नाही, पहार होते.

पट्ट्याबद्दल आदर पूर्ण आहे. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला तेही योग्यच झालं. पण हात कोपरापर्यंत झाकणाऱ्या त्याच्या लोखंडी खोबळ्यात मनगट बांधलं जातं, खोबळा ज्याच्या-त्याच्या हाताच्या मापाचा लागतो, शिकवायला वस्ताद लागतो आणि फिरवायला मैदान. एकुलती एक तलवार म्हणून घेण्याची ही चीज नाही.

उरली धोप. लांब, सरळ, बहुधा एका अंगाने धार आणि शेंड्याजवळ थोडी दुधारी. पातं ९० ते ९५ सेंटिमीटर, वजन सव्वा किलोच्या आसपास. सतराव्या-अठराव्या शतकात पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत इथे आलेल्या सरळ पात्यांना देशी मुठी बसवल्या गेल्या, त्यांना फिरंग म्हणत. साताऱ्याच्या जलमंदिरातली भवानी आणि लंडनच्या राजसंग्रहातली तलवार यांतली शिवाजी महाराजांची कोणती यावर वाद कितीही होवोत, मराठा सरदारांची पसंती सरळ पात्याला होती यात वाद नाही. घोड्यावरून लांबवर पोच आणि भोसकता येण्याजोगा शेंडा, दोन्ही तिच्यात मिळतात.

अलीकडचा सर्वांना माहीत असलेला नमुना म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची तलवार. एप्रिल २०२५ मध्ये ती लंडनच्या लिलावात आली, महाराष्ट्र शासनाने सगळा खर्च धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपीय घडणीचं, सरळ, एकधारी. मूठ मुल्हेरी, म्हणजे बागलाणातल्या मुल्हेरच्या धाटणीची, सोन्याच्या कामाची. पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने रघुजींचं नाव, ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आणि शेवटी ‘फिरंग’ हा शब्द. तलवारीने आपली जात स्वतःच लिहून ठेवली आहे. नक्कल घेण्याआधी हिचे जवळून घेतलेले फोटो नीट पाहावेत. पुण्याचं केळकर संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय इथली दालनंही बघून यावीत. एकदा अस्सल बघितली की नकलेतल्या निम्म्या चुका आपोआप डोळ्यांत खुपायला लागतात.

सरळ पात्याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. त्यात कारागिराला लपायला जागा नसते. बाकदार पात्यातला पीळ चटकन दिसत नाही. धोप मुठीकडून डोळ्यापुढे धरून बंदुकीची नळी बघावी तशी बघितली, की पातं कुठे वाकलंय, कुठे पीळ आहे, पन्हळ, म्हणजे पात्यावरची लांब खाच, कुठे डुगडुगली आहे, सगळं दिसतं.

आता मुठीचं. दुकानात सगळे पात्याकडे बघतात, पण पैसे वाया जातात ते मुठीत. जुन्या देशी तलवारीत पात्याची शेपटी, म्हणजे मुठीच्या आत जाणारा भाग, आखूड असायची. मूठ पोकळ, त्यात वितळवलेल्या लाख-राळेचा गरम मसाला ओतून शेपटी घट्ट बसवत. नीट केलेला असा जोड शंभर वर्षं टिकतो, फक्त उष्णतेने मऊ पडतो. म्हणून तलवार गाडीच्या डिकीत किंवा कडक उन्हात ठेवायची नसते. सरळ पात्यांच्या मुठीत परजेपासून, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या भागापासून, पात्याच्या दोन्ही अंगांवर उतरणाऱ्या पट्ट्या असतात, आणि पुष्कळदा त्यांतून आरपार रिव्हेट मारून पातं पक्कं केलेलं असतं. नव्या धोपेत नेमकं हेच शोधायचं: पट्ट्या पात्याला चिकटून बसल्यात का, रिव्हेट खरे आहेत की नुसती टिकली चिकटवली आहे.

स्वस्त मालात पात्याच्या टोकाला आट्यांचा बारीक दांडा वेल्ड केलेला असतो आणि वाटीच्या बाजूने नट आवळलेला. वेल्डिंगच्या उष्णतेने नेमकी तिथली पोलादाची घडण बिघडते, आणि फिरवताना सगळा ताण तिथेच येतो. असं पातं मुठीतून निसटतं तेव्हा समोर उभ्या माणसाकडे जातं. ओळखायला दोन गोष्टी पुरतात. वाटीवर फिरणारा नट दिसला की सावध व्हा. आणि पातं सैल धरून मुठीवर तळहाताने थाप मारा. पातं थरथरतं, शेंड्यापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरवर एक जागा जवळजवळ स्थिर राहते आणि आवाज स्वच्छ येतो. मुठीतून किरकिर किंवा भुणभुण आली तर जोड सैल आहे, मग दुकानदार काहीही म्हणो.

मुठीचं माप स्वतःच्या हाताने घ्या. जुन्या मुठींची पकड जेमतेम साडेसात-आठ सेंटिमीटर असते आणि आजच्या माणसाला वाटतं मूठ लहान मुलाची आहे. ती तशीच हवी. तर्जनी परजेवरून पुढे गेली की बाकीची तीन बोटं आत गच्च बसतात आणि तलवार हातात वळत नाही. नकलांमध्ये गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी पकड दहा-अकरा सेंटिमीटर करतात. मग हात आत मागेपुढे सरकतो. वाटीतून मागच्या बाजूला बाहेर आलेला दांडा असेल तर तो दुसऱ्या हाताने धरण्याइतका भक्कम हवा. ओतीव पितळेचा असेल तर ओतकामाची शिवण आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, तो वाकणार नाही, तुटेल. मुठीच्या आतली कापसाची गादी शेवटी बघा. ती बदलता येते.

पोलादाबद्दल थोडक्यात. स्टेनलेस नको. सुरीला ते उत्तम, पण मीटरभर पात्यात पुरेसं कडक केलं की ठिसूळ होतं आणि मऊ ठेवलं की वाकून तसंच राहतं. स्प्रिंग स्टील घ्यावं, ईएन४५ किंवा त्याच्या जवळचं. ट्रकच्या पाट्यांपासून बनवलेली पातीही चांगली निघतात, फक्त पाटा थकलेला, आतून चिरलेला नसावा. त्याहून महत्त्वाचं पाणी कसं दिलंय ते. लालबुंद पातं तेलात विझवून नुसतं कडक केलं तर ते काचेसारखं फुटतं. ते पुन्हा सुमारे ३०० अंशांपर्यंत, निळसर रंग येईस्तोवर तापवून त्याला लवचीकपणा द्यावा लागतो. तपासणी अशी: शेंडा लाकडी फळीवर टेकवून पातं हळूच दहा सेंटिमीटरपर्यंत वाकवा आणि सोडा. पूर्ण सरळ झालं पाहिजे. मुठीजवळ न दिसणाऱ्या जागी बारीक कानस फिरवा. लोण्यासारखी चालली तर पातं मऊ, काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर जास्त कडक. थोडा विरोध करत खरवडली तर बरोबर.

तोल हाच धोपेचा खरा कस. पात्याची जाडी मुठीशी सहा मिलिमीटर असेल तर मध्यावर चार आणि शेंड्याजवळ दोन-अडीच हवी. कॅलिपर सोबत न्या, लाजू नका. एकसारख्या जाडीच्या पट्टीतून घासलेलं पातं वजनकाट्यावर सव्वा किलोच भरेल, पण हातात दोन किलोंचं वाटेल. पातं बोटावर तोलून धरल्यावर तोलाची जागा परजेपासून बारा ते पंधरा सेंटिमीटरवर आली तर तलवार चांगली. वीसच्या पुढे गेली तर ती मिरवणुकीत खांद्यावर ठेवायला बरी, एवढंच.

नक्षी वाढली की किंमत वाढते, तलवार सुधारत नाही. तरी कोफ्तगिरीच, म्हणजे पोलादावर सोन्याच्या तारेची नक्षी, हवी असेल तर भिंगातून बघा. अस्सल कामात पोलादावर आधी बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढतात आणि सोन्याची तार त्या खरखरीत पृष्ठभागावर ठोकून बसवतात, त्या रेघा कडेला डोकावतात. गुळगुळीत पिवळा रंग दिसला तर तो मुलामाच. ‘जोहरदार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाटालाटांच्या पात्याची पाठ बघा: घडणीतली लाट पाठीवरूनही वळून जाते, वरून काढलेली लाट कडेला येऊन थांबते.

जुनी फिरंग घेण्याच्या मोहात पहिल्या खेपेला पडू नये. पात्यावर युरोपीय शिक्का किंवा पापण्यांसारख्या अर्धचंद्राच्या जोड्या दिसल्या म्हणजे पातं तिकडचं असं नव्हे. त्या खुणांची नक्कल इथे सर्रास होत असे. जुनं पातं आणि कालची मूठ हा जोडही नेहमीचा. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशी राहणाऱ्यांनी विमानाचं तिकीट काढण्याआधी लक्षात घ्यावं.

कायद्याचं दुसरं अंग जास्त जवळचं आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत तलवारीचं नाव स्पष्ट आहे, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली शहराशहरांत वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात. ऑनलाइन मागवलेल्या तलवारी कुरिअरच्या गोदामातच पोलिसांनी जप्त केल्याच्या घटना राज्यात घडल्या आहेत. ‘शोभेची आहे’ या दुकानदाराच्या वाक्यावर विसंबू नका. बोथट घ्या, विक्रेत्याचा परवाना विचारा, पक्कं बिल घ्या आणि खरेदीआधी जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून या. बिलाची प्रत तलवारीजवळच ठेवा.

घरी आणल्यावर सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे म्यान. लाकूड ओल धरतं, चामड्यातला कमावणीचा अंश पोलादाला खातो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पातं म्यानात ठेवलं तर गणपतीपर्यंत तांबूस ठिपके आलेच म्हणून समजा. पातं बाहेर, कोरड्या सुती कपड्यात, शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन ठेवावं. खोबरेल लावू नये, ते कालांतराने चिकट होतं आणि धूळ धरतं. पितळी मूठ चिंचेने किंवा लिंबाने घासत असाल तर परजेच्या सांध्यात कापड कोंबा, नाहीतर ओघळ पात्यावर उतरून काळे डाग पडतात आणि ते घासूनच काढावे लागतात.

खंडेनवमीला पूजा करताना हळदकुंकू ओलं करून थेट पात्यावर लावण्याची पद्धत आहे, आणि वर्षातला सर्वांत वाईट गंज त्याच बोटांच्या खाली सापडतो. बोटं मुठीला आणि म्यानाला लावा. पात्यालाच लावायची असतील तर झेंडूचा हार उतरवून, दसऱ्याची वाट न बघता, त्याच संध्याकाळी कोरड्या कपड्याने पुसून तेलाचा हात फिरवा. परजेच्या पट्टीखालची फटही पुसा, पाणी तिथेच जाऊन बसतं.