खोडातली अळी आणि 12 हजार रुपये

आंब्याच्या खोडकिड्याच्या अळीला पाय नसतात. एवढी एक गोष्ट मला ठाऊक असती, तर आईचे 12 हजार रुपये वाचले असते.

लांज्याजवळच्या गावात आमचं घर. परड्यात वडिलांनी लावलेली हापूसची अकरा कलमं. मी डोंबिवलीला, गावी आई एकटी. गेल्या वर्षी गणपती झाले आणि रस्त्याकडची तीन कलमं शेंड्याकडून वाळायला लागली. पानं बारीक, पिवळट. आई फोनवर रोज तेच सांगायची.

अशात दोघं जण मोटारसायकलवरून आले. गळ्यात ओळखपत्र, पाठीला पंप. गडग्यापलीकडूनच म्हणाले, "काकी, भिरूड लागलाय कलमांना. दोन महिन्यांत उभी वाळतील."

भिरूड म्हणजे काय ते कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. खोड आतून पोखरणारी कीड. भलंमोठं झाड घेऊन जाते. आईचे हातपाय गळाले. एकाने कोयतीने बुंध्याची साल खरवडली, तार आत सारली, थोडी खटपट केली आणि मूठ उघडली. तळहातावर अंगठ्याएवढी पांढरी अळी, वळवळत होती. आईने मला व्हिडिओ कॉल लावला. मी बघितली आणि मीच म्हणाले, "आई, देऊन टाक पैसे." हे लिहायला लाज वाटते.

झाडामागे 1,200 रुपये. तीन आजारी, पण बाकीच्या आठांनाही 'आधीच डोस' हवा म्हणाले. 13,200 झाले, घासाघीस होऊन 12,000. मग बॅटरीच्या ड्रिलने प्रत्येक खोडाला आठ-आठ भोकं पाडली, बिनलेबलच्या कॅनमधलं जांभळट पाणी सिरिंजने आत सोडलं आणि वरून एम-सील लिंपलं. पावती मागितली तर "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो". ती आजतागायत यायची आहे.

पंधरा दिवसांत भोकांमधून डिंक गळायला लागला. धडधाकट आठ झाडांनाही. तो नंबर तोवर बंद.

आईने त्या अळीचा फोटो काढून ठेवला होता. शेजारच्या आबांनी मोबाईल लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "ही भिरूड नाय गो. ही उकिरड्यातली आळी. पाय हायत बघ हिला." मी फोटो मोठा करून पाहिला. अळी इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली आणि डोक्यामागे चक्क सहा पाय. शेणखत उपसताना गेंड्या भुंग्याच्या अशा अळ्या ढिगाने निघतात. खोडातली भिरुडाची अळी लांबट, पिवळसर पांढरी, डोक्याकडे रुंद आणि बिनपायाची. म्हणजे आमची अळी त्यांच्याच पिशवीतून आली होती. पूर्वी जत्रेत दातातली कीड काढून दाखवणारे असायचे, तोच हा खेळ.

दिवाळीत मावसभाऊ आला. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला. त्याने भोकांकडे नंतर पाहिलं. आधी विचारलं, "ताई, या तीन झाडांचे बुंधे कुठे गेले?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आदल्या वर्षी मे महिन्यात गाडी दारापर्यंत यावी म्हणून मीच भराव घालून घेतला होता. जेसीबीने एका बाजूची मुळं तुटली आणि बुंध्याभोवती दोन फूट माती-दगड चढले. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीशी फाकलेला दिसतो. आमची ही तिन्ही विजेच्या खांबासारखी सरळ मातीत गेलेली. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. वरून भराव पडला की त्यांना हवा मिळत नाही, ती मरतात आणि झाड शेंड्याकडून वाळतं. उतारावरच्या आठ झाडांना काहीच झालं नव्हतं, याचा विचार आम्ही कुणी केलाच नाही. कीड सापडली म्हटल्यावर आपण सुटलो, असंच मला त्या दिवशी वाटलं असणार.

चार दिवस टिकाव-फावड्याने भराव काढला, यंत्र लावलं नाही. गाडलेल्या भागातली साल ओली, बोटाने निघेल इतकी मऊ झाली होती. वाळके शेंडे जिवंत लाकडापर्यंत छाटले. काप आणि ड्रिलची भोकं साफ करून बोर्डो पेस्ट लावली: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, तेही प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडाची चालत नाही. शेणखत आई आजवर बुंध्याशी घालायची. आता झाडाच्या घेराखाली चर खणून घालते.

खरा भिरूड असेल तर खोडावर भोक दिसतं आणि त्यातून भुसा पडलेला असतो, बुंध्याशीही भुश्याचा ढीग साचतो. भुसा नसताना कुणी अळी काढून दाखवली, तर आधी त्याची पिशवी उघडायला सांगा. औषधाच्या डब्यावर नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत आणि विषारीपणाचा रंगीत त्रिकोण हवाच. कीटकनाशक विकायला परवाना लागतो, आणि परवानेवाला दुकानदार बिल देतो. तालुका कृषी कार्यालयात सल्ल्याला एक पैसा पडत नाही. आम्ही तिथे गेलोच नव्हतो, कारण औषधवाला दारात आला होता.

तिघांपैकी दोन कलमांना या पावसात पालवी आली. तिसरं गेलं. परवानगी काढून ते तोडलं. आबांनी ओंडका फाडला तेव्हा मी मुद्दाम जवळ उभी होते. आत लाकूड घट्ट होतं, एकही बोगदा नाही. फक्त आठ ठिकाणी, ड्रिल गेलं तेवढ्या खोलीपर्यंत, काळे डाग उतरले होते.