घर्षण व गतिनियमांचा प्रयोगसंच: ठोकळा उत्तम, कप्पी कच्ची

एक मीटरची लाकडी फळी, टोकाला कप्पी, दोरा, पारडे, वजने, लाकडी ठोकळा, तानकाटा (बल मोजणारा स्प्रिंगचा काटा) आणि चार चाकांची छोटी गाडी एवढे साहित्य एका पेटीत देणारे प्रयोगसंच हल्ली ऑनलाइन सहज मिळतात. त्यांपैकी दीड हजार रुपयांच्या आतला एक संच घरी वापरून पाहिल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. असे संच दिसायला बरेचसे सारखे असल्याने उत्पादकाचे नाव देत नाही. नववीच्या विज्ञानातला ‘गतीचे नियम’ हा पाठ शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना पेटी उघडल्यावर काय तपासावे, हे कळले म्हणजे पुरे.

या संचातला सर्वांत चांगला भाग म्हणजे ठोकळा. तो २०० ग्रॅमचा असून त्याच्या रुंद आणि अरुंद अशा दोन्ही बाजूंना सारखेच रंधलेले आहे. ही गोष्ट किरकोळ वाटली तरी तशी ती नाही, कारण घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा विद्यार्थ्यांना सहसा न पटणारा नियम दाखवायचा तर दोन्ही बाजूंचा गुळगुळीतपणा एकच असावा लागतो. फळीवर आडवा ठेवा किंवा कडेवर उभा करा, ठोकळा ओढायला पारड्यात लागणारे वजन जवळजवळ तेवढेच येते.

मुख्य प्रयोगात ठोकळ्यावर वजने चढवत जायचे आणि प्रत्येक वेळी तो एकसारख्या वेगाने सरकत राहील एवढे वजन पारड्यात घालायचे. पारड्याचे स्वतःचे २५ ग्रॅम धरून, ठोकळ्यासह एकूण भार २००, ४००, ६०० आणि ८०० ग्रॅम असताना मला अनुक्रमे सुमारे ७०, १३०, १९० आणि २५० ग्रॅम लागले. आलेख काढला की सरळ रेषा येते आणि तिचा चढ ०.३ म्हणजेच लाकडावर लाकडाचा गतिक घर्षणांक (सरकत्या ठोकळ्याचे घर्षण भागिले भार). मात्र सोबतच्या माहितीपत्रकात पारड्याचे वजन मिळवण्याची सूचनाच नाही. ते विसरले तर हीच रेषा शून्याच्या खाली उतरते आणि एकूण भार शून्य असताना घर्षण उणे असल्याचा हास्यास्पद निष्कर्ष निघतो.

पारडे धरूनही रेषा शून्यातून जात नाही, ती सुमारे १० ग्रॅम वर राहते, आणि येथे कप्पीचा कच्चेपणा उघडा पडतो. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना १०० ग्रॅम लटकवून एका बाजूला थोडे थोडे वजन वाढवत गेल्यास ती ८ ग्रॅमपर्यंत हलतच नाही. प्लास्टिकची चकती जाड खिळ्यावर नुसती बसवलेली आहे. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडल्यावर हा आकडा ३ ग्रॅमवर आला, यावरून दोष कुठे आहे ते कळते. माझ्या मते विद्यार्थ्यांकडून ही चाचणी तेल घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतर मुद्दाम करवून घ्यावी. घर्षण मोजणाऱ्या उपकरणातच घर्षण असते, हे त्यांना असे कधी दिसणार?

पत्रकातली दुसरी उणीव याहून गंभीर आहे. ठोकळ्याला टिचकी मारून तो सरकता ठेवायचा की तो आपणहून सुटेपर्यंत थांबायचे, हे त्यात कुठेच सांगितलेले नाही. पहिल्या रीतीने गतिक घर्षण मिळते, दुसरीने स्थितिक (म्हणजे ठोकळा सुटण्यापूर्वीच्या) घर्षणाची कमाल मर्यादा, आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मिसळले की सगळा गोंधळ होतो. तानकाट्याने हा फरक चटकन दिसतो: ८०० ग्रॅमच्या भारासह ठोकळा हळूहळू ओढला असता काटा ३.१ न्यूटनपर्यंत चढतो आणि ठोकळा सुटताच २.४ च्या आसपास उतरून तिथे थरथरत राहतो. तानकाटा आडवा धरला की त्याच्या हुकाचे वजन स्प्रिंगवर येत नाही, काटा शून्याच्या मागे जातो. म्हणून वरचा स्क्रू फिरवून आडव्या स्थितीतच शून्य जुळवून घ्यावे.

फळी तिरपी करून ठोकळा कोणत्या कोनात घसरतो ते पाहण्याचीही सोय आहे, पण कोनमापकाचा मध्य बिजागरीच्या आसाशी जुळत नाही. त्यापेक्षा मोजपट्टी घ्यावी. ३७ सेंटिमीटर उंची आणि ९३ सेंटिमीटर पाया भरला तेव्हा ठोकळा सुटला, भागाकार ०.४ येतो आणि तो तानकाट्याच्या उत्तराशी (३.१ न्यूटन भागिले ८०० ग्रॅमचे सुमारे ७.८ न्यूटन वजन) जुळतो. सोबतची रबराची पट्टी मात्र नियम शिकवताना बाजूला ठेवावी. रबराचा घर्षणांक भारानुसार बदलतो, त्यामुळे सुरुवातीलाच ती वापरली तर विद्यार्थी नियमावरच अविश्वास दाखवतील.

पत्रक घर्षणाचे नियमही न्यूटनच्या नावावर घालते. न्यूटनचे गतिनियम १६८७ मध्ये छापले गेले. भार आणि घर्षण यांचे प्रमाण मात्र १६९९ मध्ये फ्रान्सच्या आमोंताँ यांनी मांडले, पुढे कूलाँ यांनी ते तपासून विस्तारले, आणि त्या सर्वांआधी लिओनार्दो दा विंची यांच्या वह्यांत तशी टिपणे आहेत.

गाडीचा भाग निराशाजनक आहे. ५०० ग्रॅमची गाडी ५० ग्रॅमच्या लटकत्या वजनाने ओढली तर घर्षण नसताना त्वरण ०.८९ मीटर प्रति सेकंद वर्ग यायला हवे आणि एक मीटर अंतर दीड सेकंदात कापले जायला हवे. हाताने स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते आणि तेवढ्याने त्वरण तिसऱ्या हिश्श्याने जास्त दिसते. मोबाइलवर चित्रीकरण करून चौकटी मोजल्या, आणि गाडी हलका धक्का दिल्यावर एकसारखी चालत राहील इतकी फळी आधी तिरपी केली, तर दुसरा नियम बऱ्यापैकी हाती लागतो. पण ही दोन्ही कामे आपली. संचात त्यांचा उल्लेखही नाही.

तिसऱ्या नियमासाठी दोन तानकाटे एकमेकांत अडकवून ओढणे हा सर्वांत सोपा प्रयोग, आणि पेटीत तानकाटा एकच आहे. त्यामुळे घेणाऱ्याने त्याच मापाचा आणखी एक तानकाटा वेगळा मागवावा. पत्रक फक्त इंग्रजी आणि हिंदीत असल्याने मराठी माध्यमाच्या वर्गासाठी कृतीचे पान शिक्षकांनाच तयार करावे लागेल, आणि ते करताना पारड्याचे वजन व टिचकी या दोन्ही सूचना त्यात आवर्जून घालाव्यात.