मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढून घेतली, त्याबद्दल

माझा तंबोरा बावीस वर्षांचा, काळी चार पट्टीचा. गेल्या वर्षी शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे जवारीला, म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून घोडी घासून घ्यायला दिला आणि जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारा बोलायच्याच थांबल्या. तारा ज्यावर टेकतात ती घोडी नको तिथे घासली गेली होती. छेडलं की नुसता टणटण आवाज. क्लासमधल्या मुली तंबोऱ्यावर सा लावायला चाचपडायला लागल्या, तेव्हा मात्र राहवेना. सरळ मिरज गाठली.

सतारमेकर गल्लीतलं छोटं दुकान. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या घरांत हे काम दीडशे वर्षांहून जास्त काळ चालत आलंय. मला वाटलं होतं, दुकानातले कारागीर चाचा नवीन घोडीच घालायला सांगतील. त्यांनी आधी विचारलं, "ताई, कुठल्या सुरात लावता? पहिली तार पंचमाला की मध्यमाला?" मग तंबोरा माझ्या काळी चारला नीट लावून घेतला, आणि तेव्हाच कानस हातात घेतली. ताण वेगळा असला की तार घोडीवर वेगळी टेकते, जवारी फसते. मागच्या वेळी हे कुणी विचारलंच नव्हतं.

पुढचे अडीच तास मी नुसती बघत होते. तार सैल करून बाजूला सारायची, कानशीचे दोन हात, फार तर तीन. बोटाने भुकटी पुसायची, तार परत जागेवर, सुरात. छेडायची, आणि आवाज पार विरेपर्यंत थांबायचं. मग तार आणि घोडीमधलं सूत केसभर पुढे, केसभर मागे. एका जोडासाठी हे अकरा वेळा झालं. खर्जाच्या शेवटच्या तारेला मात्र त्यांनी हातच लावला नाही. "हिची जवारी उघडलेली आहे. हिला हात लावला तर बिघडेल."

शेवटी चारही तारा एकत्र वाजल्या आणि खर्जातून गंधार स्वच्छ ऐकू आला. डोळे भरून आले माझे.

सहाशे रुपये घेतले. नव्या घोडीचे कितीतरी जास्त मिळाले असते, पण "जुनीत अजून जीव आहे" म्हणाले. गल्ली अरुंद आहे, गाडी लांब लावावी लागते, आणि फोन करूनच जा. गर्दी असली तर तंबोरा ठेवून यावा लागतो. निघताना त्यांनी सुताचे चार तुकडे कागदात बांधून दिले. "पावसाळ्यात आवाज बसला तर सूत सरकवा. घोडीला कुणाची कानस लागू देऊ नका."