मांजराच्या सार्कोमावर काय निवडायचं: मोठी शस्त्रक्रिया, रेडिएशन की जीन थेरपी?

लस टोचली त्या जागी मांजराला गाठ आली आणि बायोप्सीत इंजेक्शन-साइट सार्कोमा, म्हणजे टोचल्या जागी होणारा कॅन्सर, निघाला, की घरातलं कुणीतरी त्याच रात्री मोबाइल घेऊन बसतं. शोधता शोधता 'जीन थेरपी' दिसते आणि वाटतं, चला, कापाकापी टळली. आधीच सांगते, टळत नाही. मांजराच्या गाठीसाठी जी जीन थेरपी प्रत्यक्ष मंजूर झाली आहे, ती शस्त्रक्रियेऐवजी नव्हे तर शस्त्रक्रियेनंतर द्यायची असते. त्यामुळे ठरवायचं एवढंच उरतं, की शस्त्रक्रिया किती मोठी करायची आणि तिच्या जोडीला काय घ्यायचं.

हा आजार १९९१ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पॅथॉलॉजिस्टांच्या लक्षात आला. रेबीज आणि मांजरांच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) लशींच्या जागी फायब्रोसार्कोमा, म्हणजे सार्कोमाचाच एक प्रकार, वाढताना दिसत होते. प्रमाण साधारणपणे दहा हजार मांजरांत एक ते दहा असं सांगतात. हे वाचून कुणी रेबीजची लस बंद करू नये. भारतात तर तो शुद्ध वेडेपणा ठरेल. लस खांद्यांच्या मधे न देता पायाच्या खालच्या भागात किंवा शेपटीत द्यायला सांगा, म्हणजे गाठ आलीच तर ती पूर्ण काढता येते.

लशीनंतर आलेली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. व्हेट लोकांचा ३-२-१ असा सोपा नियम आहे: गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा लशीनंतर एक महिना उलटूनही वाढत असली, तर बायोप्सी.

शस्त्रक्रिया: सगळं इथेच ठरतं

ही गाठ बोटाला वाटाण्यासारखी गोल लागते, पण आत हरळीसारखी पसरलेली असते. वरून दिसते तेवढी उपटली तर मुळं जागेवरच राहतात. म्हणून ओळखीच्या क्लिनिकमध्ये 'पटकन काढून टाकू' म्हणत केलेली शस्त्रक्रिया सगळ्यात महाग पडते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्याच वेळी मोठी शस्त्रक्रिया झालेल्या मांजरांत गाठ परत यायला मध्यक ३२५ दिवस लागले (मध्यक म्हणजे निम्म्या मांजरांत त्याआधी, निम्म्यांत त्यानंतर). गाठीच्या कडेकडेने कापलेल्यांत ती ७९ दिवसांतच परत आली.

मोठी म्हणजे किती मोठी? गाठीच्या चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर निरोगी ऊती आणि खाली स्नायूंचे दोन थर. चार किलोच्या मांजराच्या पाठीवर हे माप धरून बघा. मणक्यांची टोकं आणि खांद्याच्या हाडाचा तुकडाही कधीकधी काढावा लागतो. आधी सीटी स्कॅन करून गाठ कुठवर गेली आहे ते पाहतात. २०११ साली अशा पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्या ९१ मांजरांचा अभ्यास आला, त्यात गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण १४ टक्के होतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. अनुभवी सर्जन मिळत असेल आणि पैसे एकाच गोष्टीवर घालता येणार असतील, तर माझं मत सरळ आहे: इथे घाला.

रेडिएशन

काढलेल्या गाठीच्या कडा स्वच्छ निघाल्या नाहीत, म्हणजे तिथवर कॅन्सरच्या पेशी दिसल्या, किंवा गाठीच्या जागेमुळे पाच सेंटिमीटर घेताच आले नाहीत, तर रेडिएशनला पर्याय नाही. प्रत्येक वेळी भूल द्यावी लागते, फेऱ्या बऱ्याच होतात, आणि प्राण्यांसाठी ही सोय आपल्याकडे दुर्मिळ आहे. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना ती तुलनेने जवळ सापडेल. केमोथेरपीचा, मुख्यतः डॉक्सोरुबिसिनचा, शस्त्रक्रियेनंतर किती फायदा होतो याचे पुरावे उलटसुलट आहेत, त्यामुळे इथे तिच्यावर जास्त लिहीत नाही.

जीन थेरपी: ऑन्सेप्ट आयएल-२

मंजूर झालेली जीन थेरपी ती हीच. कॅनरी पक्ष्यांच्या देवीच्या विषाणूत मांजराच्या इंटरल्यूकिन-२ (आयएल-२) या प्रथिनाचं जनुक बसवलेलं असतं. हा विषाणू सस्तन प्राण्याच्या पेशीत शिरतो, पण तिथे वाढू शकत नाही. पेशी त्या जनुकावरून इंटरल्यूकिन बनवते आणि उरल्यासुरल्या गाठीच्या पेशींवर हल्ला करायला रोगप्रतिकारक पेशींना चेतवते. युरोपीय संघात याला २०१३ साली परवानगी मिळाली. अमेरिकेत २०१५ साली सशर्त परवाना मिळाला.

देण्याची पद्धत फार नेमकी आहे. व्रणाच्या मध्यावर पाच बाय पाच सेंटिमीटरचा चौकोन कल्पायचा, चार कोपऱ्यांत चार आणि मध्यभागी एक अशी पाच इंजेक्शनं द्यायची, प्रत्येकी ०.२ मिली. चार आठवडे दर आठवड्याला, मग दोन-दोन आठवड्यांनी दोनदा, असे एकूण सहा डोस. पहिला डोस रेडिएशन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, शक्यतो शस्त्रक्रियेपासून महिन्याच्या आत. एखाददुसरा दिवस मरगळ, ताप, टोचल्या जागी सूज आणि दुखणं एवढा त्रास होऊ शकतो. केमोच्या मानाने हे काहीच नाही.

युरोपीय परवानगीतली अट मात्र कडक आहे: गाठ दोन ते पाच सेंटिमीटर, लसीकाग्रंथीत किंवा इतरत्र पसरलेली नाही, आणि शस्त्रक्रिया व रेडिएशन दोन्ही होणार आहेत. फुप्फुसात डाग दिसत असतील तर हा तुमचा पर्याय नाही.

कुत्र्याच्या मेलानोमाची ऑन्सेप्ट नावाचीच लस आहे. ती वेगळी. फोनवर चौकशी करताना 'मांजराची, आयएल-२ वाली' असं स्पष्ट सांगा, नाहीतर भलतीच किंमत ऐकून फोन ठेवाल.

आकड्यांचा सापळा

ऑन्सेप्ट आयएल-२ बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीत छान वाटणारं वाक्य असतं: गाठ परत येण्याचा धोका एका वर्षात ५६ टक्क्यांनी आणि दोन वर्षांत ६५ टक्क्यांनी कमी. ज्या चाचणीवरून हे आकडे आले, तिच्यात ७१ मांजरं होती. नुसती शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालेल्या गटात गाठ परत यायला मध्यक २८७ दिवस लागले. आयएल-२ मिळालेल्या गटात दोन वर्षं उलटली तरी निम्म्या मांजरांत ती परत आलेली नव्हती. फरक खरा आहे, मोठा आहे.

पण २८७ दिवसांकडे पुन्हा बघा. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही होऊनही निम्म्याहून अधिक मांजरांत वर्षाच्या आत गाठ परतली. वर सांगितलेल्या पाच सेंटिमीटरच्या शस्त्रक्रियेत हेच प्रमाण एकूण १४ टक्के. दोन अभ्यासांतली मांजरं वेगळी, सर्जन वेगळे, त्यामुळे आकडे शेजारीशेजारी ठेवून निकाल देता येत नाही. तरीही 'धोका ५६ टक्क्यांनी कमी' म्हणजे नेमका कोणत्या धोक्यापेक्षा कमी, हे विचारायलाच हवं. तुमच्या मांजराची शस्त्रक्रिया आधीच उत्तम झाली असेल, तर जीन थेरपीने कमी करायला धोकाच थोडा उरतो. कडा अरुंद राहिल्या असतील तर तिची किंमत जास्त वसूल होते.

प्रयोगात राहिलेले दोन मार्ग

विज्ञान म्हणून हे मला जास्त भावतात, पण मांजरासाठी यांची वाट बघत बसू नका. अमेरिकेतल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २००७ साली आले, इंटरल्यूकिन-१२ (आयएल-१२) या दुसऱ्या प्रथिनाचं जनुक ॲडेनोव्हायरस या विषाणूमधून थेट गाठीत सोडलं. त्या जनुकाला उष्णतेवर चालणारं बटण होतं: गाठ बाहेरून गरम केली की जनुक चालू. आयएल-१२ अंगभर पसरलं तर विषारी ठरतं, म्हणून ही युक्ती. म्युनिकमध्ये विषाणूच वगळला. जनुकाचा डीएनए चुंबकीय सूक्ष्मकणांना चिकटवून गाठीत टोचला आणि वर ताकदवान चुंबक ठेवून कण जागेवर धरले. हा उपचार शस्त्रक्रियेच्या आधी द्यायचा होता. २००८ साली आलेला तो अहवालही पहिल्याच टप्प्याचा, म्हणजे डोस झेपतो का एवढं बघणारा. असा प्रयोग कुठे सुरू असेल आणि तुमच्या मांजराला त्यात घेत असतील, तर ठरलेली शस्त्रक्रिया त्यासाठी किती लांबणार हा पहिला प्रश्न विचारा.

मी कसं ठरवीन

गाठ पायावर किंवा शेपटीवर असेल, तर पाय किंवा शेपूट काढायची, आणि अहवालात कडा स्वच्छ आल्या की तिथेच थांबायचं. मांजरं तीन पायांवर कपाटावर चढतात. गाठ पाठीवर, पाच सेंटिमीटरच्या आतली, छातीच्या एक्स-रेत काही नाही आणि रेडिएशनची सोय आवाक्यात, असं असेल तर आयएल-२ नक्की विचारात घेईन. रेडिएशन मिळणारच नसेल, तर जीन थेरपीसाठी धावपळ न करता तो पैसा चांगल्या सर्जनकडच्या प्रवासावर खर्च करीन. आणि वय झालेलं, मूत्रपिंडं थकलेलं मांजर असेल तर वेदनाशामक देऊन घरी सांभाळणं हाही पूर्ण प्रतिष्ठेचा निर्णय आहे. कुणी त्यासाठी तुम्हाला कमी लेखत असेल तर डॉक्टर बदला.

पहिल्या डोसच्या महिन्याच्या मुदतीमुळे विचारपूस शस्त्रक्रियेच्या आधीच करावी लागते. रेडिएशनची तारीख कधीची, सहाही डोस त्या शहरात मिळतील का, काढलेल्या गाठीच्या कडा शाईने रंगवून पॅथॉलॉजीला पाठवणार का, एवढं सर्जनकडून कळलं की मगच भुलीची तारीख घ्या.