बायपॅप: वॉर्डात सुरू करायचं की घरच्या खाटेवर?

आईची उभी हयात दापोलीजवळच्या घरात चुलीपुढे गेली. विडीला कधी हात लावला नाही, तरी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका आकसून दम लागण्याचा जुनाट आजार, झालाच. मनगटातून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, केली तेव्हा कार्बन डायऑक्साइड ५८ निघाला. तो ३५ ते ४५ असावा लागतो. डॉक्टर म्हणाले, "रात्री बायपॅप लागेल. तीन-चार दिवस ॲडमिट करून सुरू करू, नाहीतर घरी." या 'नाहीतर'वरून आम्ही भावंडं आठवडाभर भांडलो.

आधी एक घोळ मिटवतो, कारण ही दोन मशीनं लोक एकच समजतात. काँसन्ट्रेटर ऑक्सिजन देतो. बायपॅप मास्कमधून हवेचा दाब देऊन, श्वासाला जोर देऊन साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायला मदत करतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर तो वायू दिसतच नाही. सकाळी डोकं दुखणं आणि दिवसा पेंगणं या त्याच्या खुणा. अशा पेशंटचा ऑक्सिजन 'जरा वाढवू' म्हणून घरच्यांनी वाढवला तर हा वायू आणखी साठून झोप गुंगीसारखी गडद होते. आईला ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ ची मर्यादा दिली आहे. आकडा ९७ दिसला की आम्हाला आनंद नाही, धास्ती वाटते.

वॉर्डात सुरू करण्याचा फायदा पहिल्या रात्री कळतो. प्रेशर हळूहळू चढवतात, मास्क बदलून बघतात, पुन्हा एबीजी करतात. पेशंट गुंगीत असेल, बरळत असेल, कफ काढता येत नसेल किंवा मास्क स्वतःच्या हाताने काढता येत नसेल, तर घरचा विषयच काढू नका. तोटा असा की वॉर्डात झोप लागत नाही, सोबतीला माणूस अडकतो आणि मशीन शिकते ती नर्स, आपण नाही.

घरी सुरू करणं म्हणजे धाडसच, असंही नाही. नेदरलँड्समध्ये सीओपीडीच्या ६७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. घरी सुरू केलेल्यांचा कार्बन डायऑक्साइड इस्पितळातल्यांइतकाच उतरला आणि खर्च निम्म्याहून कमी आला. पण तिथे नर्स घरी जात होती आणि मशीनचे आकडे दुरून पाहिले जात होते. आमच्याकडे सप्लायरचा मुलगा आला, मशीन टेबलावर ठेवलं, 'ऑटो आहे' म्हणाला आणि शेवटची एसटी गाठायला पळाला. याला घरी सुरू करणं म्हणत नाहीत.

मास्क लावल्यावर आई म्हणाली, "मळणीच्या बैलासारखं मुसकं बांधलंस की रे!" मग दुपारी, टीव्हीसमोर, अर्धा-अर्धा तास लावून सवय केली. मास्कला बारीक भोकं असतात, ती उच्छ्वास बाहेर जायला. गळती समजून माझ्या भावाने त्यांवर चिकटपट्टी लावली होती! नशीब, मी लगेच पाहिलं.

आणि लाईट. कोकणात निर्णय इथे अडतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागात कित्येक दिवस अंधार होता. बायपॅप ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारं पाण्याचं भांडं) बंद ठेवून साधारण ४०-५० वॅटवर चालतो, म्हणजे दीडशे एएचच्या धडधाकट बॅटरीवर रात्र निघते. पाच लिटरचा काँसन्ट्रेटर तीन-साडेतीनशे वॅट खातो. तीच बॅटरी तीन-चार तासांत बसते. त्यामुळे ज्यांना दोन्ही लागतात त्यांनी भरलेला सिलिंडर घरात ठेवावाच. खाऱ्या, दमट हवेने फिल्टरही लवकर कळकट होतो. पावसाळ्यात मी तो दर आठवड्याला काढून बघतो. ह्युमिडिफायरमध्ये पाणी डिस्टिल्डच, विहिरीचं नाही.

माझं मत विचाराल तर: घरात रात्री जागणारा एक माणूस, पहिले पंधरा दिवस फोन उचलणारा डॉक्टर आणि पुन्हा एबीजी करायची ठरलेली तारीख, ही तिन्ही असतील तर घर. यातलं एक जरी नसेल तर वॉर्ड. नुकताच दम वाढून ॲडमिट होऊन आलेल्याची एबीजी दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करतात, कारण कधी कधी कार्बन डायऑक्साइड आपोआप उतरतो. मशीन घ्यायची घाई तोवर करू नका, भाड्याने घ्या.

आम्ही शेवटी तीन रात्री रत्नागिरीत काढल्या. त्यातल्या दुसऱ्या रात्री नर्सला बाजूला बसवून पट्टे मीच बांधले. आता खाटेच्या उशाशी एका पुठ्ठ्यावर प्रेशरचे आकडे आहेत, खाली डॉक्टरांचा नंबर, त्याच्याखाली वायरमनचा.